कापालिकांचे महाव्रत

कापालिक हा शैवांमधला लोप पावलेला पंथ. भिक्षापात्र म्हणून माणसाची कवटी, हातात खट्वांग म्हणजे टोकाला कवटी बसवलेला दंड, अंगाला चितेची राख आणि वस्ती मसणवट्यात, असे त्याचे वर्णन जुन्या वाङ्मयात पुन्हापुन्हा येते. संस्कृत नाटकात किंवा कथेत नरबळी देऊ पाहणारा साधू आला की तो बहुतेक वेळा कापालिकच असतो. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून त्याचे उल्लेख मिळू लागतात, सातव्या ते बाराव्या शतकात तो भरात असतो आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास जिता पंथ म्हणून दिसेनासा होतो. एवढ्या काळात त्याने खरोखर माणसे मारली का, आणि मारली असतील तर कोणत्या विचाराच्या आधाराने, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे.

या प्रश्नाचे दोन धागे वैनगंगेच्या खोऱ्यात सापडतात. पहिला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, मार्कंडा येथे. वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. काठावर एका आवारात दगडी देवळांचा समूह आहे आणि त्याच्या भिंती शिल्पांनी इतक्या भरलेल्या आहेत की विदर्भाचे खजुराहो हे नाव त्याला चिकटले आहे. पुरातत्त्व संशोधक अलेक्झांडर कनिंगहॅम १८७०च्या दशकात इथे आला आणि त्याने या देवळांचे सविस्तर वर्णन आपल्या अहवालात केले. मुख्य देऊळ मार्कंडऋषीच्या नावाने ओळखले जाते. त्याच आवारात मृकंडूऋषी आणि यमधर्म यांच्या नावांचीही देवळे आहेत. बाप, मुलगा आणि मुलाला न्यायला आलेला मृत्यू असे तिघे एकाच आवारात नांदतात.

कथा घराघरांत ठाऊक आहे. मृकंडूला झालेला मुलगा अल्पायुषी. सोळावे वर्ष सरत आले तेव्हा यम पाश घेऊन आला. मुलाने पिंडीला मिठी मारली. पाश मुलाबरोबर पिंडीवरही पडला आणि पिंडीतून शिव प्रकट होऊन त्याने यमाला लाथेने लोळवले. कालांतक, कालारी ही शिवाची नावे या प्रसंगावरून पडली. या कथेत देव मृत्यू आणि मूल यांच्या मध्ये उभा राहतो, मुलाला मृत्यूच्या हवाली करत नाही. कापालिकांचा विचार करताना ही गोष्ट पुढे ठेवावी लागते, कारण तेही याच शिवाचे उपासक होते.

याच ऋषीच्या नावाने असलेल्या मार्कंडेय पुराणात देवीमाहात्म्य आहे. नवरात्रात ज्या सप्तशतीचा पाठ होतो ती हीच. चंड आणि मुंड चालून येतात तेव्हा देवीच्या कपाळातून काळी बाहेर पडते. तिच्या हाती खट्वांग, गळ्यात नरमुंडांची माळ, अंगावरचे मांस सुकलेले. चंड-मुंडांची शिरे आणून दिल्यावर तिला चामुंडा हे नाव मिळते. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, सप्तमातृकांच्या शेजारी काळ आणि काळी यांच्या हाडांचे सापळे झालेल्या मूर्ती आहेत. बरगडी न् बरगडी मोजता येते. मृत्यूचे रूप डोळे भरून पाहायचे, त्याच्याकडे पाठ फिरवायची नाही, ही साधना त्या काळी किती खोल रुजली होती हे त्या दगडापुढे उभे राहिले की कळते. कापालिकांची देवता हीच चामुंडा, आणि देव भैरव.

कापालिकांच्या आचाराला त्यांच्या काळी महाव्रत म्हणत. या शब्दाचे मूळ धर्मशास्त्रात आहे. ब्रह्महत्या हे सर्वांत मोठे पातक. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती यांनी त्याला बारा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. खुन्याने वनात राहावे, मृताची कवटी जवळ बाळगावी, भिक्षेवर जगावे. याज्ञवल्क्य आणखी एक अट घालतो, ती फार मोलाची आहे. खुन्याने आपण काय केले ते भिक्षा मागताना सांगत फिरावे. दारात उभे राहून आधी आपला गुन्हा उच्चारायचा आणि मगच अन्न मागायचे. कवटी ही त्या शिक्षेची जाहीर पाटी होती.

मग ज्याने खून केलेला नाही त्याने ही पाटी गळ्यात का अडकवावी? याचे उत्तर भैरवाच्या पुराणकथेत आहे. ब्रह्मदेवाच्या गर्वावर संतापून शिवाने, किंवा त्याच्या भैरवरूपाने, ब्रह्मदेवाचे पाचवे शिर तोडले. ब्रह्महत्येचे पातक लागले आणि ती कवटी हाताला चिकटून बसली. ती घेऊन देव भिक्षा मागत तिन्ही लोक हिंडला. काशीला कपालमोचन तीर्थावर ती गळून पडली. देवानेही प्रायश्चित्त चुकवले नाही, हा या कथेचा गाभा. भक्त देवाचे अनुकरण करतो, म्हणून कापालिकाने देवाचे प्रायश्चित्त अंगावर घेतले. पाप न करता सर्वांत मोठ्या पाप्याचे जिणे पत्करले तर मिळणारे पुण्य अपार असेल, आणि माणूस जातपात, शुद्ध-अशुद्ध, मान-अपमान यांच्या पलीकडे जाईल, असा तर्क त्यामागे असावा असे डेव्हिड लॉरेन्झेन यांनी कापालिक आणि कालामुख या शैव पंथांवरील १९७२च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. तो पटण्याजोगा आहे.

नाशिककरांनी या कथेला आपले वळण दिले. पंचवटीत रामकुंडाजवळ कपालेश्वराचे देऊळ आहे आणि त्याच्यापुढे नंदी नाही. सांगतात ते असे: एका वासराने शिंगाने ब्राह्मणाला मारले आणि त्या वासराचा रंग काळा पडला. त्याने गोदावरीत बुडी मारली आणि ते पुन्हा पांढरे झाले. ते पाहून शिवाने तिथेच स्नान केले आणि त्याचे पातक फिटले. ते वासरू म्हणजेच नंदी. वाट दाखवणारा तो गुरू झाला, म्हणून त्याला समोर बसवायचे नाही. देवाला पापमुक्तीची वाट एका वासराने दाखवली, ही कल्पना मराठी मनाने किती सहज स्वीकारली आहे! महाव्रताची मूळ भावना, म्हणजे पाप कबूल करणे आणि त्याच्या भाराखाली नम्र होणे, या लोककथेत शास्त्रग्रंथांपेक्षा अधिक स्वच्छ उतरली आहे.

महाव्रत या शब्दाला दुसराही अर्थ आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे यम जेव्हा जात, देश, काळ, प्रसंग अशा कोणत्याही सवलतीविना पाळले जातात तेव्हा त्यांना महाव्रत म्हटले आहे. जैन मुनींची पाच महाव्रतेही अहिंसेपासूनच सुरू होतात. एकाच शब्दाने अपवाद नसलेली अहिंसा आणि खुन्याचे प्रायश्चित्त अशी दोन्ही व्रते ओळखली जात होती.

अशीच जोड चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड भागातील देवटेक या गावी मिळालेल्या एका शिळेवर दिसते. तिच्यावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन ब्राह्मीत असून प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारा आहे. त्यानंतर सुमारे साडेपाचशे-सहाशे वर्षांनी, चौथ्या शतकात, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने आपल्या धर्मस्थानाचा लेख त्याच दगडावर कोरवला. वाकाटकांचे ताम्रपट या रुद्रसेनाला महाभैरवाचा निस्सीम भक्त म्हणतात. भैरवभक्त म्हणजे कापालिक असे समीकरण मांडता येणार नाही. गावोगावचा भैरोबा पुजणाऱ्यांना कोणी कापालिक म्हणत नाही. पण कापालिकांच्या देवाला विदर्भाच्या राजघराण्यात केवढा मान होता हे यावरून कळते, आणि हत्या करू नका असे सांगणारी जुनी अक्षरे त्याच दगडावर होती हेही.

पंथाचे सर्वांत जुने उल्लेख महाराष्ट्राच्या ओळखीचे आहेत. हालाच्या नावावरील गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, प्रियकराच्या चितेची राख अंगाला फासणारी एक नवी कापालिका येते. तिथे तिच्याकडे भीतीने पाहिलेले नाही. ती शोकाने वेडी झालेली बाई आहे आणि कवी तिच्या दुःखापाशी थांबतो. सहाव्या शतकात वराहमिहिर कापालिकांचा उल्लेख करतो. सातव्या शतकाच्या आरंभी कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा मत्तविलास हे प्रहसन लिहितो. त्यात सत्यसोम नावाचा कापालिक आणि त्याची सोबतीण देवसोमा दारूच्या गुत्त्यावरून हिंडत असतात. सत्यसोमाचे कवटीचे पात्र हरवते. तो एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो आणि शेवटी कळते की पात्रातल्या मांसाच्या वासाने कुत्रे ते घेऊन पळाले होते. राजाने या पंथाची यथेच्छ टर उडवली आहे, पण खुनाचा आरोप कुठेच केलेला नाही. राजाला खरी भीती वाटत असती तर त्याने हे प्रहसन लिहिले नसते.

त्याच शतकातला एक ताम्रपट इगतपुरी भागातून मिळाला आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याचा पुतण्या नागवर्धन याने बळेग्राम हे गाव कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तिथे राहणाऱ्या महाव्रतींसाठी दान दिल्याची नोंद त्यात आहे. पूजेचे नावही दिले आहे, गुग्गुळपूजा. देवाचे नाव आणि व्रताचे नाव एकत्र पाहता हे महाव्रती कापालिकच असावेत असे मानले जाते. गावाचा महसूल ज्यांच्या नावे राजघराणे लिहून देते ते लोक रानात लपून माणसे कापणारी टोळी असू शकत नाहीत. पंथाच्या भरभराटीचा हा मोठा पुरावा, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही, धूप आहे.

खुनी कापालिक साहित्यात ठसठशीत उभा राहतो तो आठव्या शतकात, आणि त्याला उभा करणारा कवी विदर्भाचा आहे. हा वैनगंगेच्या खोऱ्यातला दुसरा धागा. भवभूती आपले मूळ गाव पद्मपूर असल्याचे सांगतो. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचे पदमपूर असल्याचे दाखवले. घराणे तैत्तिरीय शाखेचे, वाजपेय यज्ञ केलेल्या पूर्वजाचे, म्हणजे कर्मठ वैदिक. त्याच्या मालतीमाधव या नाटकाच्या पाचव्या अंकात पद्मावती नगरीबाहेरचे स्मशान आहे आणि तिथे कराला नावाच्या चामुंडेचे देऊळ आहे. श्रीपर्वतावरून आकाशमार्गाने कपालकुंडला येते. तिचा गुरू अघोरघंट याला मंत्रसिद्धीसाठी देवीपुढे एका सुंदर कुमारिकेचा बळी द्यायचा आहे. झोपेत उचलून आणलेली मालती बळीच्या वेषात उभी केली जाते. तिचे ओरडणे माधवाच्या कानी पडते, तो धावत येतो, तिला सोडवतो आणि अघोरघंटाला मारतो.

हा अंक कापालिकांविरुद्धची साक्ष म्हणून शेकडो वेळा पुढे केला गेला आहे. पण तो पूर्ण वाचला तर दोन गोष्टी खटकतात. माधव त्या रात्री स्मशानात का होता? मालती मिळावी म्हणून तो पिशाचांना महामांस, म्हणजे माणसाचे मांस, विकायला आला होता. नायकाच्या हातातही तेच द्रव्य आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुढे सूडाने पेटलेली कपालकुंडला मालतीला पळवते, तेव्हा तिची सुटका करते ती सौदामिनी. ही सौदामिनी बौद्ध परिव्राजिका कामंदकीची जुनी शिष्या, आणि नाटकाच्या पहिल्याच अंकात ती श्रीपर्वतावर कापालिकव्रत आचरत असल्याचे सांगितले आहे. म्हणजे मारणारा कापालिक आणि वाचवणारी कापालिक दोघांनाही भवभूतीने एकाच नाटकात जागा दिली. व्रत एक, सिद्धी एक, फरक तिच्या वापराचा. एवढा न्याय नंतरच्या फार थोड्या लेखकांनी या पंथाला दिला.

अकराव्या शतकात चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या दरबारी कृष्णमिश्राने प्रबोधचंद्रोदय लिहिले. त्यातला सोमसिद्धान्त नावाचा कापालिक महाभैरवाला नरमांसाच्या आहुती आणि ताज्या नररक्ताचा नैवेद्य दाखवण्याच्या बाता मारतो, आणि मद्य पाजून जैन आणि बौद्ध साधूंना आपल्या गोटात ओढतो. विरोधकाला भ्रष्ट ठरवण्यासाठी केलेले ते रूपक आहे. वैष्णव आचार्य यामुनाचार्य आणि रामानुज कापालिकांच्या सहा मुद्रांची, म्हणजे अंगावरच्या खुणांची, यादी देतात: कंठा, रुचक, कुंडले, शिखामणी, भस्म आणि यज्ञोपवीत. पण तेही मत खोडण्यासाठीच. स्वतः कापालिकांनी लिहिलेला ग्रंथ एकही हाती नाही. ज्या पंथाची सगळी हकीगत त्याच्या प्रतिपक्षाने सांगितली आहे, त्याला सरसकट खुनी म्हणणे न्यायाचे नाही.

तरीही पंथाला निर्दोष म्हणून सोडून देता येत नाही. देवीपुढे पशुबळी आणि मद्य हा त्याच्या उपासनेचा भाग होता. कालिकापुराणाच्या रुधिराध्यायात नरबळीचे विधान आहे, कोणाचा बळी द्यावा, कोणाचा देऊ नये, कोणत्या बळीने देवी किती काळ तृप्त होते याचे तपशील आहेत. एवढे बारकावे लिहिले जातात तेव्हा त्या प्रथेची कल्पना तरी समाजात जिवंत असते. कापालिकांतल्या काहींनी ती कृतीत आणली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा लागतो की प्रायश्चित्ताच्या व्रतातून बळी घेण्यापर्यंतची वाट कुठून फुटते.

माधवाचार्यांच्या नावावरील शंकरदिग्विजयात एक प्रसंग आहे. ग्रंथ शंकराचार्यांच्या कित्येक शतके नंतरचा, त्यामुळे इतिहास म्हणून त्याच्यावर भार टाकता येत नाही. पण विचाराच्या दृष्टीने याहून नेमका प्रसंग दुसरा नाही. उग्रभैरव नावाचा कापालिक आचार्यांकडे येतो आणि सांगतो की सर्वज्ञाचे किंवा राजाचे शिर अर्पण केले तर आपल्याला सदेह कैलासप्राप्ती होईल. तुम्हाला देहाची आसक्ती नाही, तुमचे शिर द्या. आचार्य हो म्हणतात, फक्त शिष्यांच्या नकळत ये असे सुचवतात. शस्त्र उगारलेले असताना आचार्यांचा शिष्य पद्मपाद धावून येतो, त्याच्या ठायी नरसिंह संचारतो आणि कापालिक मारला जातो.

कापालिकाचा युक्तिवाद वरवर पाहता वेदान्ताचाच आहे. देह म्हणजे मी नव्हे, आत्मा मरत नाही आणि मारला जात नाही, मग शिर देण्याघेण्यात हरकत कसली? आचार्यांच्या संमतीत विसंगती नाही. ते आपल्या सिद्धान्ताशी प्रामाणिक आहेत. विसंगती मागणाऱ्याच्या बाजूला आहे. देह तुच्छ असेल तर कैलासाला सदेह जाण्याची हाव कशासाठी? स्वतःच्या देहाला एवढे जपणारा माणूस दुसऱ्याला देहाच्या असारतेचा उपदेश करतो आहे. आत्म्याच्या अमरत्वाचा विचार मरणाऱ्याच्या तोंडी धैर्य असतो. मारणाऱ्याच्या तोंडी तो लबाडी होतो, कारण तिथे किंमत दुसरा मोजतो आणि फळ हा घेतो. पद्मपादाने शास्त्रार्थ केला नाही. पण आपल्या गुरूचे शिर गुरूने दिले तरी दुसऱ्याने ते घ्यायचे नाही, हे त्याच्या धावण्यात आले.

सप्तशतीचा शेवट इथे आठवतो. राज्य गमावलेला सुरथ आणि घरातून हाकललेला समाधी वैश्य नदीकाठी देवीची आराधना करतात, आणि बळी अर्पण करताना स्वतःच्या अंगाचे रक्त त्यावर शिंपडतात. रक्त आहे, पण ते स्वतःचे. महाव्रताचे मूळ रूपही असेच होते. दुःख, लाज, अवहेलना सारे साधकाने स्वतः सोसायचे. ज्या क्षणी साधकाने आपल्या सिद्धीचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यावर टाकला त्या क्षणी व्रत उलटले, आणि ज्या पातकाच्या प्रायश्चित्तासाठी कवटी हाती घेतली होती तेच पातक कवटीसाठी घडू लागले.

आणि तो दुसरा कोण असतो? अघोरघंटाने राजाला पकडले नाही, झोपलेली मुलगी उचलली. पुरंदरच्या शेंद्र्या बुरुजाची दंतकथा सांगते की बांधकाम ढासळत होते म्हणून नाथनाक आणि देवकाई या दलित जोडप्याला पायात गाडले. इतिहास म्हणून तिचा दाखला देता आला नाही तरी बळी कोणाच्या घरातून निवडला जाई याची आठवण ती बरोबर सांगते. ओडिशातील खोंडांच्या मेरिया प्रथेत बळीचा माणूस विकत घेतलेला असे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात दंतेश्वरीपुढे नरबळी होतो असा संशय घेऊन १८४२ मध्ये चौकशी सुरू झाली आणि देवळावर पुढे बरीच वर्षे पहारा बसवला गेला. बस्तर तेव्हा नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते. इंग्रजांच्या या चौकशांमागे दया होती तसा राज्यविस्ताराचा हिशेबही होता, आणि त्या चौकशांनी जंगलातल्या माणसांवर रानटीपणाचा जो शिक्का मारला तो अजून पुसलेला नाही.

ठगांच्या बाबतीतही असेच घडले. रुमालाने गळा आवळून वाटसरूंना लुटणाऱ्या टोळ्या होत्या, त्यांचे खून खरे होते. पण इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनने १८३०नंतर माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून भवानीचा एक देशव्यापी खुनी पंथ रंगवला. आपला सगळा धंदा वेरूळच्या लेण्यांत कोरलेला आहे असे काही ठग सांगत, तेही त्याने टिपून ठेवले. वेरूळ पाहिलेल्या कोणालाही त्यातला फोलपणा कळेल. अलीकडचे इतिहासकार ठगीला धर्मापेक्षा बेकारी, मोडलेली सैन्ये आणि स्थानिक जमीनदारांचे अभय यांच्याशी जोडतात. खुनाला देवीचे नाव देणे खुन्यालाही सोयीचे असते आणि त्याला पकडणाऱ्यालाही. कापालिकांच्या हकिगतीत हे दोन्ही आवाज वेगळे काढण्याचे साधनच उरलेले नाही.

पंथाचा शेवट तलवारीने झाल्याचा पुरावा नाही. दहाव्या ते बाराव्या शतकात राजांची दाने मठ चालवणाऱ्या, पाठशाळा उभारणाऱ्या शैवांकडे वळली. दक्षिणेत कालामुखांनी मोठी देवस्थाने सांभाळली. एकट्याने भटकणाऱ्या कापालिकाला संस्था उभी करता आली नाही. दुसरीकडे व्रताचा अर्थ आत वळला. अकराव्या शतकाच्या आरंभी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तासारख्या आचार्यांनी स्मशान, कपाल, बळी यांना देहातले आणि चित्तातले अर्थ दिले. अहंकार जिथे जळतो ते स्मशान, आणि बळी द्यायचा तो त्याचा.

महाराष्ट्रात पुढची कडी नाथ संप्रदायाची. जुन्या बंगालीतील चर्यागीतांत कान्हपा स्वतःला कापाली योगी म्हणवतो. मराठी परंपरा त्यालाच कानिफनाथ मानते. मढीला रंगपंचमीच्या यात्रेत भटक्या जमातींचे लोक ज्याच्या समाधीला येतात तो हा कानिफनाथ. कानफाट्या योग्यांची कुंडले सहा मुद्रांतल्या कुंडलांची आठवण देतात. खट्वांग आणि कवटी मात्र गळून पडली. त्याच नाथपरंपरेतून गहिनीनाथ, निवृत्तीनाथ आणि मग ज्ञानेश्वर आले, आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली. त्याच शतकात विदर्भात वावरलेल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी अहिंसेला आचाराचा पाया केले. पारध्यांपुढून पळत आलेल्या सशाला त्यांनी आपल्या मांडीखाली आसरा दिला, ही लीळाचरित्रातली हकीगत प्रसिद्ध आहे. मार्कंडेयाला पिंडीने दिला तसाच हा आसरा. मसणवट्याशी नाते असलेली मसणजोगी ही भटकी जमात आजही महाराष्ट्रात आहे. केवळ नावावरून तिला कापालिकांचे वंशज म्हणणे निराधार आहे आणि आधीच उपेक्षा सोसणाऱ्या लोकांवर ते अन्यायाचे आहे.

मराठी भाषेने या इतिहासाचा निकाल एका शब्दात साठवला आहे. अघोर म्हणजे जे घोर नाही ते. तैत्तिरीय संहितेच्या रुद्राध्यायात रुद्राच्या शांत, मंगल रूपाला हे विशेषण लावले आहे, शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचे ते नाव आहे. मराठीत मात्र अघोरी म्हणजे अंगावर काटा आणणारे, निर्दय. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या गाभाऱ्यात रुद्राची आवर्तने होतात तेव्हा अघोर शब्द आपल्या मूळ अर्थाने उच्चारला जातो. त्याच गावाच्या बोलण्यात तो उलट्या अर्थाने येतो. मधल्या काळात काय घडले याची ही खूण आहे.

उलट्या अर्थानेच तो कायद्यातही आला. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतील डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्या वर्षअखेरीस नरबळी, इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा अधिनियम विधिमंडळाने मंजूर केला. त्यातल्या गुन्ह्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. असा कायदा लागतो, कारण बळी घ्यायला पंथ असावाच लागत नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या हव्यासातून बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या, तेव्हा तिथे ना महाव्रत होते, ना भैरवाची कथा, ना कुठले तत्त्वज्ञान. मंत्र सांगणारा कोणी, जमिनीखालच्या हंड्याची हाव आणि शेजारची दुबळी माणसे एवढे पुरले.

कापालिकांच्या हातचा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांच्या नावाशी जोडला जातो तो सह्याद्रीतल्या एका गावाचा ताम्रपट, आणि ते गाव गुग्गुळाच्या धुपासाठी दिलेले होते.